चॅम्पियन हिलविषयीचं माझं बदललेलं मत

दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅम्लेट या फुटबॉल क्लबचं चॅम्पियन हिल हे मैदान मोडून तिथे घरं बांधावीत आणि क्लबने दुसरीकडे कुठेतरी खेळावं, असं मी २०१८ मध्ये ठामपणे म्हणत होते. आज म्हणत नाही. ज्यांच्याशी मी तेव्हा वाद घातला ते बहुतेक माझ्याच क्षेत्रातले, नगररचनेचं काम करणारे लोक आहेत. त्यांतले काही अजूनही माझ्या जुन्या बाजूला उभे आहेत. त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही, हे सगळं नीट लिहून काढते आहे. आधी ते जुनं मत मांडते. ते उथळ नव्हतं, आणि त्यातली काळजी आजही माझ्या मनात तेवढीच आहे.

लंडनला घरं हवी आहेत. शहराच्या २०२१ च्या आराखड्याने वर्षाला सुमारे ५२ हजार नव्या घरांचं लक्ष्य ठेवलं आहे. साउथवर्क या आमच्या भागात कौन्सिलच्या घरासाठी हजारो कुटुंबं यादीत नाव लावून बसलेली आहेत. दोन मुलं, आईवडील आणि एक खोली, स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं, अशी घरं मी कामाच्या निमित्ताने आतून पाहिली आहेत. त्या खोलीतून बाहेर पडून माणूस ईस्ट डलिचला जातो आणि पाहतो की रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, सुपरमार्केटच्या भिंतीला लागून एक मैदान आहे. पंधरा दिवसांतून एकदा तिथे बावीस माणसं नव्वद मिनिटं चेंडूमागे धावतात. उरलेला वेळ फाटक बंद. नगररचनाकाराला याहून चांगली जागा सांगताच येणार नाही. मला वाटायचं, क्लब म्हणजे माणसं, नाव, रंग, इतिहास, आणि हे सगळं उचलून नेता येतं. जमीन मात्र उचलून नेता येत नाही. म्हणून जमीन ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांना द्यावी.

या विचाराला माझ्याकडे एक पुरावाही होता, आणि तो माझ्या गावचा होता. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे एकाहून एक कडवे संघ आहेत. हंगाम सुरू झाला की पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहतात. आणि यांतल्या कुणाचंही स्वतःचं स्टेडियम नाही. सगळे शाहू स्टेडियमवर येऊन खेळतात, खेळ संपला की आपापल्या पेठेत परत जातात. मैदान सामाईक असूनही इतकी ईर्षा, इतकं प्रेम पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, तर लंडनच्या एका छोट्या क्लबाला स्वतःच्या मैदानाचा एवढा हट्ट कशासाठी? हा प्रश्न मी खूपदा विचारला. समोरच्या इंग्रज माणसाला त्याचं उत्तर देता येत नसे, कारण त्याला कोल्हापूर माहीत नव्हतं.

क्लबविषयी मला फार माहिती नव्हती असंही नाही. डलिच हॅम्लेट १८९३ चा. तिथल्या प्राथमिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी लॉरेन विल्सन या गृहस्थांनी तो उभा केला. सगळे त्यांना ‘पा’ विल्सन म्हणत. इंग्लंडमध्ये वरच्या चार व्यावसायिक श्रेणींच्या खाली जी प्रचंड उतरंड आहे, तिला नॉन-लीग म्हणतात. डलिच आयुष्यभर तिथलाच. १९०७ मध्ये तो इस्थमियन लीगमध्ये दाखल झाला. ही लीग हौशी खेळाडूंची होती, पगार घेऊन खेळणं तिथे नामंजूर. १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चार वेळा त्यांनी एफए अमॅच्युअर कप जिंकला. त्यांचा एडगर केल हा खेळाडू तर विलक्षण. चारशेहून जास्त गोल केले, मोठ्या क्लबांनी बोलावूनही हौशीच राहिला. डलिचकडून खेळत असतानाच १९२९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघाकडून तो फ्रान्स, बेल्जियम आणि स्पेनविरुद्ध खेळला. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात दोन गोल. स्टेशनकडून मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे, आणि ज्यांच्या आजोबांनीही त्याला खेळताना पाहिलं नसेल असे तरुण आज त्याच्या नावाने गातात.

चॅम्पियन हिलवरचं मोठं स्टेडियम १९३१ मध्ये उघडलं. हौशी फुटबॉलमधल्या सर्वोत्तम मैदानांत त्याची गणना होई. १९३३ च्या अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला, किंग्स्टोनियन विरुद्ध स्टॉकटन, तिथे २०,७४४ माणसं आली होती. हौशी खेळाडूंचा, दुसऱ्याच दोन गावांच्या संघांचा सामना, आणि एवढी गर्दी! १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने याच मैदानावर मेक्सिकोला ५–३ असं हरवलं. मग हौशी फुटबॉलचे दिवस ओसरले, जुना स्टँड जीर्ण झाला, आणि १९९१ मध्ये सगळं पाडलं. जागेच्या एका भागावर सुपरमार्केट आलं, उरलेल्या भागावर तीनेक हजार माणसांचं नवं छोटं स्टेडियम. मी वर ज्या सुपरमार्केटच्या भिंतीचा उल्लेख केला, ती भिंत मुळात मैदानाच्याच जमिनीवर उभी आहे. म्हणजे एकदा वाटा दिलेला होताच. ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती, पण तिचा अर्थ मी असा लावला की जागा अर्धी झाली तरी क्लब जगला, मग पूर्ण गेली तरी जगेल.

२०१८ च्या मार्चमध्ये प्रकरण हातघाईवर आलं. मैदानाची मालकी तोवर एका मालमत्ता विकासकाकडे गेली होती. घरांच्या योजनेला कौन्सिलची परवानगी मिळेना. शेवटी क्लबला मैदान वापरण्याचा परवाना रद्द झाला आणि भाड्याची थकबाकी मागण्यात आली. त्यावर कडी म्हणजे, क्लबचं नाव आणि टोपणनाव यांचे ट्रेडमार्क मालकाशी संबंधित कंपनीने नोंदवून ठेवले होते. सव्वाशे वर्षांच्या क्लबला पत्र गेलं की हे नाव यापुढे तुम्ही वापरू नका. हे वाचून माझ्यासारख्या मैदान-विरोधकालाही संताप आला. नाव पुढे परत मिळालं. संसदेत चर्चा झाली. पेकममध्ये वाढलेला फुटबॉलपटू रिओ फर्डिनंड मैदान विकत घ्यायच्या प्रस्तावात उतरला. क्लब काही मैलांवरच्या टूटिंग अँड मिचमच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळू लागला.

आणि तिथे, त्या उसन्या मैदानावर, डलिच हॅम्लेटने त्याच वर्षी मे महिन्यात हेंडनला पेनल्टींवर हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा इस्थमियन लीगच्या वर, नॅशनल लीग साउथमध्ये गेला. १९०७ पासून जे जमलं नव्हतं ते बेघर असताना जमलं. मी म्हटलं, पाहा. मैदानावाचून काही अडलं का? माझ्या बाजूने याहून मोठा दाखला मिळणं शक्य नव्हतं, आणि तो मी कित्येक महिने वापरला.

मत बदलायला लागलं ते भलत्याच वाटेने. १९४८ च्या ऑलिंपिकमधला भारताचा फ्रान्सविरुद्धचा सामना आमच्या घरात अनेकदा सांगितला जाई. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी हुकल्या, सारंगपाणी रामनने गोल केला, आणि तरी आपण २–१ ने हरलो. बाबा ती गोष्ट अशी सांगत जणू ते तिथे होते. तो सामना लंडनच्या पूर्वेला इल्फर्डमध्ये झाला होता. डलिचच्या वादात पुन्हा पुन्हा १९४८ चा उल्लेख येऊ लागला तसं मला वाटलं, त्या इल्फर्डच्या क्लबचं पुढे काय झालं ते तरी पाहावं.

इल्फर्ड हाही डलिचसारखाच जुना हौशी क्लब, इस्थमियन लीगच्या १९०५ च्या स्थापनेपासूनचा. १९२९ आणि १९३० असा लागोपाठ अमॅच्युअर कप जिंकलेला. १९७४ मध्ये ती स्पर्धा कायमची बंद झाली, तेव्हा तिच्या शेवटच्या अंतिम सामन्यात खेळलेला. सत्तरच्या दशकात त्यांचं लिन रोडचं मैदान गेलं. १९७९ मध्ये क्लब शेजारच्या लेटनस्टोनमध्ये विलीन झाला. लेटनस्टोननेही तीनदा तोच कप जिंकला होता. १९८८ मध्ये त्यांत वॉल्थमस्टो अव्हेन्यू मिसळला. हा तर १९५३ मध्ये एफए कपच्या चौथ्या फेरीत ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडशी १–१ अशी बरोबरी करून आलेला संघ. त्याचं ग्रीन पाँड रोडचं मैदानही १९४८ च्या ऑलिंपिकचं मैदान होतं. पुढच्या वर्षी या तिघांच्या कडबोळ्याला रेडब्रिज फॉरेस्ट असं नाव मिळालं, आणि १९९२ मध्ये डॅगनमशी विलीन होऊन डॅगनम अँड रेडब्रिज. नव्या क्लबने पुढे व्यावसायिक लीगपर्यंत मजल मारली, हे खरंच. पण इल्फर्ड, लेटनस्टोन आणि वॉल्थमस्टो या तीन वस्त्यांच्या तीन क्लबांचं त्यात आज काय उरलं आहे? त्या तिघांनी मिळून सात अमॅच्युअर कप जिंकले होते. मैदान मात्र एकच उरलं, आणि ते डॅगनममध्ये आहे. इल्फर्डच्या नावाचा दुसरा क्लब नंतर नव्याने काढावा लागला.

हे एकदा लक्षात आल्यावर मी थांबू शकले नाही. उत्तर लंडनचा एनफील्ड घ्या. १९८३ आणि १९८६ मध्ये नॉन-लीगच्या सर्वोच्च श्रेणीचा विजेता, १९८२ आणि १९८८ मध्ये एफए ट्रॉफी. नवं मैदान मिळेल या भरवशावर १९९९ मध्ये साउथबरी रोड विकलं. नवं मैदान झालंच नाही. संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर फिरत राहिला, समर्थक वैतागले, २००१ मध्ये बाहेर पडून त्यांनी एनफील्ड टाउन हा आपला क्लब काढला, आणि २००७ मध्ये जुना एनफील्ड बंद पडला. मैदान गेल्यापासून आठ वर्षं. वील्डस्टोन १९८५ मध्ये नॉन-लीगची लीग आणि ट्रॉफी एकाच हंगामात जिंकणारा पहिला क्लब होता. १९९१ मध्ये त्यांचं लोअर मीड गेलं, तिथे सुपरमार्केट झालं. स्वतःचं म्हणावं असं मैदान त्यांना २००८ मध्ये मिळालं. ते जगले, पण कसे? सतरा वर्षं लोकांकडे राहून.

म्हणजे डलिचने टूटिंगच्या मैदानावर मिळवलेली बढती हा पुरावा नव्हताच. ती पहिल्या वर्षाची ताकद होती. अन्याय ताजा असतो तेव्हा माणसं बस पकडून लांब जातात, खिशातून पैसे घालतात. विचारायला हवं ते दहाव्या वर्षाबद्दल.

दहाव्या वर्षी काय होतं ते समजायला नॉन-लीग क्लब पैसा कुठून आणतो हे पाहावं लागतं. माझ्या कामात मी प्रत्येक जागेचा हिशेब मांडते, पण हा हिशेब मी तेव्हा मांडला नव्हता. टीव्हीचा पैसा या पातळीवर जवळजवळ शून्य. तिकिटांचे पैसे येतात, पण त्याहून भरवशाचा असतो क्लबहाउसचा बार. वरच्या लीगांमध्ये मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू पिण्यावर १९८५ पासून कायद्याने बंदी आहे. खालच्या पातळीवर नाही, म्हणून लोक पेला हातात घेऊन गोलमागे उभे राहतात, आणि मध्यांतराला आपला संघ ज्या बाजूला आक्रमण करणार तिकडे चालत जातात. शिवाय क्लबहाउस लग्नाला, बारशाला, अंत्यविधीनंतरच्या जमावाला भाड्याने जातं. मुलांचे संघ तिथे सराव करतात, त्यांचे पालक पुढे तिकीटखिडकीवर बसतात, रेषा आखतात, खेळाडूंचे कपडे धुतात. यांतलं पगारी कुणी नाही. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या मैदानावर गेलात की बारचा पैसा यजमानाचा, भाडं तुमच्या माथी. मुलं सरावाला येत नाहीत कारण बस बदलावी लागते. मुलं नाहीत म्हणून पालक नाहीत, पालक नाहीत म्हणून रेषा आखायला कुणी नाही. बंद फाटकाचं मैदान म्हणून मी ज्याच्याकडे बोट दाखवत होते, त्या फाटकाच्या आत आठवडाभर हे चालू असतं.

आणि मग कोल्हापूरचा माझा पुरावाही माझ्या हातून सुटला. पेठेच्या संघाला स्टेडियम नसतं, पण तालीम असते. लाल मातीचा हौदा, वर मंडळाची खोली, भिंतीवर ढाली आणि जुन्या संघांचे फोटो, बाहेर कट्टा. सामना ठरतो तिथे, वर्गणी जमते तिथे, हरल्यावर भांडणं होतात तिथे, गणपती बसतो तिथे. मी मुलगी होते. बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासून गेले, घसा बसेपर्यंत ओरडले, पण तालमीच्या आत पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे खेळ म्हणजे स्टेडियम एवढंच मला दिसलं. संघ जिथे राहतो ती जागा मी आतून कधी पाहिली नव्हती, म्हणून हिशेबात धरली नाही. इंग्लंडच्या वस्तीतल्या क्लबाला वेगळी तालीम नसते. त्याचं मैदान आणि त्याची तालीम एकाच कुंपणात असतात. शिवाजी पेठेतली तालीम काढून घेऊन मंडळाला सांगा की शाहू स्टेडियमवर तुमच्या तारखा शाबूत आहेत, तुमचं काय बिघडलं? मी डलिचला हेच सांगत होते.

२०१८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, तडजोड होऊन क्लब चॅम्पियन हिलवर परतला. आता मी तिथे जाते. २०१९ पासून क्लबचा महिलांचा संघही आहे, तो याच मैदानावर खेळतो, आणि त्यांच्या सामन्याला जाळीला चिकटून उभ्या असलेल्या शाळकरी मुली पाहिल्या की मला आत कुठेतरी फार बरं वाटतं. क्लबहाउसमध्ये त्या बिनदिक्कत आत-बाहेर करतात.

घरांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. ज्या खोल्या मी पाहिल्या त्या अजून तशाच आहेत. २०२० मध्ये साउथवर्क कौन्सिलने एका योजनेला मंजुरी दिली. जुन्या मैदानाच्या जागी २१९ घरं, आणि लागूनच असलेल्या ग्रीन डेलवर क्लबसाठी नवं स्टेडियम. क्लबने तिला पाठिंबा दिला. ग्रीन डेल ही मोकळी हिरवी जमीन, तिथे रोज फिरायला जाणाऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचं दुःख मला कळतं. तरी मला विचाराल तर माझं मत योजनेच्या बाजूने आहे. गवताचा तो विशिष्ट तुकडा मला पवित्र नाही. क्लब त्याच वस्तीत, पायी जाण्याच्या अंतरावर, स्वतःच्या फाटकाआड आणि स्वतःच्या बारसह राहिला पाहिजे. ती अट पाळून जितकी घरं बांधता येतील तितकी बांधावीत. आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी नवं मैदान पुरं व्हावं, मग जुनं मोडावं. एनफील्डने क्रम उलटा केला होता.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासनाचा नवा कायदा झाला. त्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे, आणि त्याच्या मंजुरीशिवाय क्लबचं घरचं मैदान विकता येणार नाही अशी तरतूद केली आहे. मात्र हे संरक्षण वरच्या पाच श्रेणींनाच आहे. डलिच हॅम्लेट २०२३ मध्ये घसरून पुन्हा इस्थमियन लीगमध्ये, म्हणजे सातव्या श्रेणीत आला आहे. त्याच्यासारखे शेकडो क्लब या कायद्याच्या बाहेर आहेत, आणि जमिनीचा भाव त्यांच्याच मैदानांना आधी गिळतो. नगररचनेतल्या माझ्या मित्रांनो, पुढच्या वेळी एखाद्या वस्तीतलं मैदान कागदावर ‘कमी वापराची जागा’ म्हणून तुमच्यासमोर येईल, तेव्हा सही करण्याआधी एखाद्या मंगळवारी संध्याकाळी त्या क्लबहाउसमध्ये जाऊन बसा, आणि क्लबच्या खजिनदाराला बारचा हिशेब दाखवायला सांगा.